एका बोटाची सवलत

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी शामूच्या घरात शहाण्णव बूट होते. म्हणजे अठ्ठेचाळीस जोड. एकतीस जोडांचे तळवे झिजलेले, नऊ जोडांच्या टाचा निघालेल्या आणि आठ जोडांची नुसती शिवण उसवलेली. त्याखेरीज घरात तीन माणसं, एक शेळी, चामडं कापायच्या दोन राप्या, टोचायच्या पाच आऱ्या आणि एरंडेलाची अर्धी बुधली होती. छप्पर सात ठिकाणी गळत होतं. गळतीखाली ठेवायला भांडी सहाच होती. सातव्या जागी जमिनीत वाटीएवढा खळगा पडला होता, आणि त्यात दर दहा-बारा श्वासांनी एक थेंब पडत होता.

बूट पलटणीचे होते. युद्धाचं चौथं वर्ष चालू होतं. खासबागेतले ठेकेदार मारुतीराव बेळगावाहून जुने बूट लॉरीनं आणत आणि निपाणीच्या आसपासच्या गावांत दुरुस्तीला वाटत. शामूच्या गावात आजवर कुणी बूट शिवला नव्हता. चांभारवाड्यात पायताणं शिवली जात आणि विहिरींच्या मोटा. पण तीन मळ्यांत तेलावरची इंजिनं आली होती आणि त्या विहिरींवरच्या मोटा गोठ्यात उलट्या टांगल्या गेल्या होत्या. शामूचा थोरला मुलगा गुंडू सहा वर्षांपूर्वी मुंबईला कातडी कमावायच्या कारखान्यात गेला. पहिली दोन वर्षं त्याची पत्रं आली. आता धाकटा रवळू म्हणत होता, बुटांचं काम टिकलं तर मी हितंच ऱ्हातो, न्हायतर दिवाळी झाली की दादाच्या मागनं जातो. त्याची बायको शालूबाई हे ऐकत भाकरी थापत असे. त्या दिवशी मात्र तिनं भाकरी दोनदा थापली, कारण पहिली तिच्या हातात फाटली.

माल उतरवताना मारुतीरावांनी एक वेताची काठी दाखवली होती. हातभर लांब, मधोमध दोरी बांधलेली. दोरी खिळ्याला अडकवायची आणि काठीच्या दोन टोकांना एका जोडाचे दोन बूट टांगायचे.

"चामडं वरनं कोरडं दिसतंय आणि तळव्यात पाणी धरून बसतंय," ते म्हणाले. "मला दिसत न्हाय ते काठीला दिसतंय. बोटभर खालीवर चालंल. बोटाच्या वर गेलं की जोड बाद. फुटला बाद, बुरशी धरली बाद. दोन जोड बाद गेले तर मी वरच्यास्नी सांभाळून घेतो. तिसरा गेला की पुढचा माल दुसऱ्या गावाला. सव्वीस दिवसांनी लॉरी येईल."

दाराआडून शालूबाई सासऱ्याला हळूच म्हणाली, "मामा, दोन्ही बूट सारकंच वलं असलं तर?"

शामूनं ते मोठ्यानं सांगितलं. मारुतीराव हसले. "सून शाळेत गेलीय काय रं? शामा, माल आणताना दहा गावं फिरलो. दोन्ही बूट मापून भिजवणारा अजून कोण भेटला न्हाय."

ते हसले म्हणून बाकीचेही हसले.

पहिल्या आठ दिवसांत रवळूनं चूक केली. बूट हातात आले तेव्हा दमट होते. रवळूनं त्यांना मोटेसारखं वागवलं. मोटेचं चामडं ओलं असतानाच त्याला ओंजळीनं तेल पाजायचं असतं. पाणी आणि तेल मिळून ते लोण्यासारखं मऊ होतं. त्यानं पहिल्या सहा जोडांना तसं तेल पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी शालूबाईनं एका बुटाची जीभ उचलली. खाली पांढरं, बारीक, लोकरीसारखं काही उगवलं होतं. तिनं फुंकर घातली. ते सगळं एका बाजूला वाकलं आणि पुन्हा उभं राहिलं.

बारा बुटांपैकी आठांवर बुरशी होती. रवळूनं कडुनिंबाच्या पाण्यानं ती पुसली आणि बूट लवकर वाळावेत म्हणून त्यांतले दोन जोड चुलीजवळ मांडले. दुपारपर्यंत चारही बुटांचं चामडं आवळलं आणि अंगठ्याच्या वाकणावर तडकलं.

शामूनं तडकलेला बूट हातात घेऊन वाकवून पाहिला. त्याचं वय सत्तरीचं होतं आणि उजव्या डोळ्यात पांढरा सारा पडला होता. "मोट पाण्यातच जगती," तो म्हणाला. "ह्येला दोन पदरं हाईत. मधी पाणी अडकलं, वरनं तू तेल घालून झाकण लावलंस. आता ते आत कुजाय लागलंय."

"मग काय करू, आप्पा? उन्हं न्हाईत. आग चालत न्हाय. फुकून वाळवू?"

"दोन जोड गेलं."

"मला मोजता येतंय."

घराच्या मधल्या तुळईला शामूनं एक वादी टांगली होती. न कमावलेल्या कातड्याची, बोटभर रुंद, खाली दगड बांधलेली. हवेत ओल वाढली की ती लांबे, कमी झाली की आखडे. दगडाच्या खालच्या कडेशी तो रोज भिंतीवर कोळशाची रेघ ओढी. आठ दिवसांत आठ रेघा झाल्या होत्या आणि प्रत्येक आधीच्या खाली होती. शेवटची पहिलीपेक्षा सव्वादोन बोटं खाली होती.

"ह्या घरात बूट वाळणार न्हाईत," शामू म्हणाला आणि डोक्यावर पोतं घेऊन बाहेर पडला.

गावात एकच जागा कोरडी होती. अक्काताईंची तंबाखूची वखार. जोत्यावर बांधलेली, जमिनीवर फळ्या, वर दुहेरी कौलं. वैशाखात माल विकून ती रिकामी झाली होती. कोपऱ्यांत नुसती भुकटी उरली होती. अक्काताई जैन होत्या, वयानं शामूएवढ्याच. चातुर्मास लागल्यापासून त्या अनवाणी चालत आणि सूर्य मावळला की पाणीही पीत नसत. शामू अंगणाच्या कडेला पावसात उभा राहिला. अक्काताई ओसरीवर होत्या. त्यांचा मुलगा धरणेंद्र दारात होता.

"चामडं? वखारीत?" धरणेंद्र म्हणाला. "तंबाखूला वास लागंल, शामू. माघात नवा माल भरायचा हाय. आणि आमची आई दारात पायताण ठिवू देत न्हाय, शंभर बूट ठिवंल व्हय?"

"शंभर न्हाईत, आण्णा. ब्याण्णव."

"मग काय, कमीच की."

शामू खाली बघत राहिला. पोत्यावरून पाणी त्याच्या मानेत जात होतं. "वल लागून बुरशी धराय लागलीया, आक्का," तो म्हणाला. "आठ बूट पुसलं. उद्या आणि पुसाय लागतील. परवा आणि."

अक्काताईंनी जपमाळ थांबवली. "पुसलंस म्हणजे काय केलंस?"

"फडकं मारलं. कडुनिंबाचं पाणी."

"शामू, सुईच्या टोकावर मावंल एवढ्या बुरशीत किती जीव असतात, ते मोजता येत न्हाय. आमचे महाराज सांगतात. तू आठ बूट पुसलंस."

शामूनं डोक्यावरचं पोतं सावरलं. तो म्हणाला, "ती उगवली म्हणून पुसली, आक्का."

"उगवूच न्हाय दिली तर?"

"कोरडी जागा पायजे त्येला."

त्यांनी माळ मांडीवर ठेवली. मग मुलाला म्हणाल्या, "माघापर्यंत वास जातोय." आणि शामूला, "मागच्या दारानं या. आत विस्तव न्यायचा न्हाय. चरबीचा डबा न्यायचा न्हाय. आणि आत बुरशी पुसायची न्हाय. धरलीच तर बूट बाहेर न्यायचा, तुमच्या घरी. शबूद दे."

शामूनं शब्द दिला. ठेकेदारानं दिलेला चरबीचा डबा घरी शेळीच्या खुंट्याशी राहिला. शेहेचाळीस जोड चार खेपांत टोपल्यांतून, इरल्याखाली झाकून वखारीत गेले. घरापासून वखारीचं मागचं दार तीनशे चाळीस पावलांवर होतं.

मग कामाची एक रीत बसली. रवळू घरी उजेडात बसून तळवे शिवी. तयार झालेला जोड कोरड्या फडक्यावर चार थेंब एरंडेल घेऊन नुसता चोळून वखारीत जाई. शालूबाईनं जुन्या लुगड्याच्या एकशे चौऱ्याऐंशी पुरचुंड्या शिवल्या आणि त्यांत वखारीतली भुकटी भरली. निम्म्या पुरचुंड्या बुटांत, निम्म्या घरी. घरच्या ती तव्यावर उंच धरून शेकी, हाताला कोमट लागेपर्यंतच, आणि टोपलीत झाकून वखारीत नेई. आतल्या काढायच्या, त्या रात्रभरात ओल पिऊन जड झालेल्या असत, आणि कोमट घालायच्या. तंबाखूच्या वासानं पहिले तीन दिवस तिला भोवळ आली. चौथ्या दिवशी भोवळ आली नाही, पण चालताना पाय जमिनीला नीट लागत नाहीत असं तिला वाटे. ते तिला वाईट वाटलं नाही.

राखणीला शामू होता. वादी आता वखारीत टांगली होती. तो दिवसभर फळीवर बसून एकेक बूट उचलायचा, आत हात घालून बघायचा, तोंड दुसऱ्या दिशेला करून ठेवायचा. कौलांत एक काच बसवलेली होती. तिच्यातून येणारा उजेड पाण्यातून आल्यासारखा हिरवट असे आणि भुकटीचे कण त्यात वर जात, खाली येत, कुठंच पोचत नसत. बूट रांगांनी उभे होते. प्रत्येकात एका पायाचा साचा होता. अंगठ्यानं दाबून केलेला खळगा, टाचेनं झिजवलेली कड.

"ह्यो डाव्या अंगावर झुकत हुता," शामू सुनेला सांगे. "आणि ह्येची करंगळी वाकडी. बग हितं."

"आता कुठं असंल त्यो?"

"हितंच उभा हाय की."

शालूबाई हसे. पण पुरचुंडी घालताना त्या बुटात हात जरा हळू घाली, कुणाला उठवू नये तसा. रांगेच्या शेवटी उभं राहून मागं बघितलं की तिला वाटे, शेहेचाळीस माणसं श्वास न घेता तिच्याकडे बघतायत आणि पाऊस थांबायची वाट बघतायत. एकदा ती रवळूला म्हणाली, "त्यातलं एक जरी चालाय लागलं तरी मला नवल वाटायचं न्हाय."

"चालू दे की. बेळगावच्या वाटंनं चालत गेलं तर मारुतीरावांचं पेट्रोल वाचंल," रवळू म्हणाला. मग दाभणावरची नजर न काढता म्हणाला, "तू जेवलीस का?"

वादी रोज थोडी आखडत होती. बाराव्या दिवसापर्यंत तिनं सव्वा बोट मागं घेतलं होतं. अक्काताई आपल्या ओसरीवरून येणारीजाणारी टोपली बघत. एकदा त्यांनी शालूबाईला विचारलं, "धरली न्हाय न्हवं?"

"न्हाय, आक्का."

"किती बूट?"

"ब्याण्णव."

अक्काताईंनी मान हलवली आणि माळेचा पुढचा मणी ओढला.

शामूला दुपारी गुंगी येई. झोप नव्हे, डोळे उघडे असत. वास आणि पावसाचा आवाज मिळून एक ऊब होई, आणि तीत त्याला गुंडू दिसे, सहा वर्षांपूर्वीचा, हातात ट्रंक. तो रांगेतून चालत येई आणि एकेका बुटात पाय घालून बघे. कुठलाच बसत नसे. शामू भानावर येई तेव्हा आपण कितीव्या बुटापर्यंत आलो होतो ते त्याला आठवत नसे. मग तो अंदाजानं पुढं जाई.

सव्विसाव्या दिवशी सकाळी थोरल्या रस्त्यावर लॉरीचा भोंगा वाजला. पाऊस धरलेलाच होता. रवळू आणि शालूबाई वखारीत बूट दाराकडे आणत होते. खांबामागून शेवटचा जोड उचलताना शालूबाईचा हात थांबला. उजव्या बुटातली पुरचुंडी दगडासारखी झाली होती. तिनं जीभ उचलली. पांढरं टाचेपर्यंत गेलं होतं.

"मामा, हे कवा बघितलंत?"

शामू जवळ आला. बोट घालून त्यानं बघितलं. "खांबामागचा व्हय," तो म्हणाला. "मी पुढनं मोजत गेलो आसन. चार दिस झालं असतील. पाच बी." त्याचा आवाज बारीक झाला. "गुंडू आलता मधी."

रवळूनं बापाकडे बघितलं नाही. त्यानं कमरेचं फडकं सोडलं आणि बुटावर धरलं.

"हितं न्हाय," शालूबाई म्हणाली.

"कोण बघतंय? म्हातारी तकडं ओसरीवर हाय. दोन दमात पुसतो."

"मामांनी शबूद दिलाय."

"लॉरी आलीया, शालू. तिसरा जोड हाय ह्यो. तुला कळतंय का तिसरा म्हंजे काय?"

"कळतंय," ती म्हणाली. "घरी घेऊन जावा. पळत."

रवळूनं फडकं पुन्हा कमरेला खोचलं. मग त्यानं डोक्याचा पटका काढून बुटाभोवती गुंडाळला, तो पोटाशी धरला आणि पावसात गेला.

मारुतीराव आले तेव्हा त्यांच्याबरोबर लॉरीचा क्लीनर होता. त्यांनी मागच्या दाराच्या चौकटीला खिळ्यावर काठी टांगली, ती समपातळीत थांबली तिथं कोळशानं आडवी रेघ ओढली आणि पहिला जोड मागितला. तडकलेले दोन जोड शामूनं आधीच वेगळे ठेवले होते. मारुतीरावांनी ते बघून मान हलवली. "दोन. ठीक. पुढं चला." मग नाक ओढलं. "शामा, बूट विड्या ओढत हुतं काय रं?"

"कोरडं हाईत, मारुतीराव."

"ते काठी सांगंल."

पहिल्या जोडाची काठी पाव बोटही हलली नाही. दुसऱ्याची अर्धं बोट. पाचवा जोड टांगला तेव्हा रवळू आला. भिजून अंगाला चिकटलेला. पटक्यातून बूट काढून त्यानं शालूबाईच्या हातात दिला. बुरशी गेली होती. कडुनिंबाचं पाणी शिवणीत उतरलं होतं आणि पटकाही वाटेत भिजला होता. तिनं एका हातात तो आणि दुसऱ्या हातात त्याचा जोडीदार धरला. काठीची गरज नव्हती.

रवळू तिच्या कानाशी वाकला. "डाव्या बुटावर बी तेवढंच पानी मारू या. दोन्ही सारकं झालं की काठी गप ऱ्हाईल. तूच सांगितलंवतंस न्हवं."

शालूबाई काही बोलायच्या आत शामूनं डावा बूट तिच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या छातीशी धरला. "ह्यो कोरडा हाय," तो म्हणाला. "सव्वीस दिसांनी कोरडा झालाय. चूक माजी हाय, ह्येची न्हाय."

"आप्पा, मी मुंबईला गेलो तर हा बूट घिऊन बसणार हाईस का?"

शामूनं बूट आणखी घट्ट धरला.

शालूबाईनं दाराकडे बघितलं. क्लीनर तपासून झालेल्या बुटांतल्या पुरचुंड्या काढून जमिनीवर टाकत होता. ती जाऊन खाली बसली. दोन पुरचुंड्या उचलून गालाला लावून बघितल्या. कोरड्या होत्या. तिनं ओल्या बुटात एक अंगठ्याकडे, एक टाचेकडे दाबून बसवली आणि ऐंशीपर्यंत मोजलं. त्या काढल्या तेव्हा दमट होत्या. तोपर्यंत पुढचा जोड उतरला होता. तिनं त्याच्या दोन घेतल्या.

मग ती थांबली नाही. काठीवरून एक जोड उतरे, दोन पुरचुंड्या मिळत, त्या आत जात, ओल घेऊन बाहेर येत. रवळू थोडा वेळ बघत होता. मग तोही बसला आणि बुटाचा तळवा आपल्या दोन मांड्यांत धरून कोरड्या पुरचुंडीनं बाहेरून दाबू लागला. शालूबाईला भुकटीचा वास पुन्हा डोक्यात चढला होता. हातातला बूट एकदा जड वाटे, एकदा हलका, एकदा नसल्यासारखा. हिरव्या उजेडात रांगा एकेक जोडानं कमी होत होत्या, आणि जिथं बूट होते तिथल्या फळ्यांवर भुकटीत दोन-दोन स्वच्छ ठसे उरले होते, कुणी नुकतंच उठून गेल्यासारखे.

मधेच अक्काताई मागच्या अंगणात आल्या. धरणेंद्रानं त्यांच्यावर इरलं धरलं होतं. त्या दारापासून चार हातांवर थांबल्या.

"एक धरला व्हता, आक्का," शालूबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

"पुसला कुठं?"

"घरी."

अक्काताई भिजलेल्या रवळूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वखारीत पायरीच्या उजवीकडं पोत्यात अजून भुकटी हाय. ती बी घ्या." आणि पायाखाली बघत, सावकाश परत गेल्या.

पंचेचाळीस जोड झाले. एकही बोटाच्या वर गेला नव्हता. मारुतीराव पाणी प्यायले आणि हात पुढं करून म्हणाले, "शेवटचा."

शामू डावा बूट घेऊन पुढं झाला. "मारुतीराव, ह्येच्या जोडीला बुरशी धरलीती. आज सकाळी पुसलीया. तुमास्नी सांगून ठिवतो."

रवळूनं डोळे मिटले.

मारुतीरावांनी उजवा बूट शालूबाईकडून घेतला. जीभ उचलली, आत बोट फिरवलं, बोट उजेडात बघितलं, वास घेतला. "आता तर काय न्हाय हितं," ते म्हणाले. "मी आलो तवा नसंल तर माझ्या लेखी नव्हती. पण काठीला लावणार, शामा."

"लावा."

त्यांनी डावा बूट डाव्या टोकाला टांगला, उजवा उजव्या. हात सोडला. उजवा बूट एकदम खाली गेला, पुन्हा वर आला. काठी रेघेच्या खाली-वर होत राहिली. क्लीनरही जवळ येऊन उभा राहिला. पावसाचा आवाज येत होता आणि आत वादीचा दगड स्वतःभोवती हळूच फिरत होता. काठीचे झोके लहान झाले, आणखी लहान झाले, आणि मग ती थांबली. मारुतीरावांनी रेघेखाली आपलं बोट आडवं धरलं आणि वाकून बघितलं.

उजवं टोक रेघेच्या खाली पाऊण बोट होतं.